थंडाव्याची निगा



वसंत व्याख्यानमालेसाठी आम्ही शीतकपाट हा विषय निवडला, तेव्हा एका स्नेह्यांनी आम्हांस विचारले, “इतिहासात राजे संपले काय?” राजे संपलेले नाहीत. परंतु इतिहास केवळ तख्तांचा असत नाही, तो चुलीचा आणि पाण्याच्या घडवंचीचाही असतो. चैत्र-वैशाखात परभणीच्या उन्हातून घरी आलेला माणूस प्रथम मागतो ते राज्य नव्हे, तर पेलाभर गार पाणी. ते गार पाणी त्याला कोणी, कशाने आणि किती कष्टाने दिले, हा आमच्या मते पुरेसा मोठा ऐतिहासिक प्रश्न आहे.

आज शीतकपाट, म्हणजे आपण ज्याला सरसकट फ्रीज म्हणतो ते, गावोगावी पोहोचले आहे. पण ते घेताना आपण जेवढा विचार करतो त्याच्या दशांशानेही ते राखताना करीत नाही. ‘यंत्र आहे, ते आपोआप चालते,’ अशी आपली समजूत असते. थंडावा कोणत्याही युगात आपोआप मिळालेला नाही, प्रत्येक युगात त्याची निगा कोणीतरी केलेली आहे, हे आज आम्हांस दाखवावयाचे आहे.

राजाचा बर्फ

उष्ण देशात थंडी ही प्रथम सत्तेची खूण होती. अकबराच्या दरबाराची व्यवस्था अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त नोंदविली आहे. तीत सोऱ्याने पाणी थंड करण्याची रीत सांगितली आहे. सोरा पाण्यात विरघळताना भोवतालची उष्णता शोषून घेतो, म्हणून त्या द्रावणात सुरई फिरविली की आतील पाणी गार होते. पुढे बादशहाचा मुक्काम लाहोरास असता उत्तरेकडील डोंगरांतून बर्फ आणविला जाई. त्यासाठी होड्या, गाड्या आणि हमाल राबत. पेल्यातील त्या एका खड्यामागे किती माणसांची पाठ मोडत असेल, याचा विचार आपणच करावा.

गंगेच्या मैदानात आणखी एक युक्ती होती. अलाहाबादेकडे हिवाळ्याच्या निरभ्र रात्री उथळ खड्ड्यांत उसाची चिपाडे वा कडबा अंथरीत, त्यावर मातीच्या पसरट थाळ्यांत पाणी ठेवीत, आणि पहाटे त्यावर बर्फाची साय धरे. रॉबर्ट बार्कर या इंग्रज अधिकाऱ्याने १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीस ही रीत कळविली. हवा गोठण्याइतकी थंड नसतानाही पाणी गोठे. कोरड्या, उघड्या आकाशाकडे उष्णता निघून जाते, हे त्या मजुरांना ठाऊक होते. त्याचे शास्त्र विद्वानांना मागाहून सांगता आले.

बोटीतून आलेला हिवाळा

यानंतरचा प्रकार तर कादंबरीत शोभावा असा आहे. अमेरिकेतील बोस्टन शहराचा फ्रेडरिक ट्यूडर हा व्यापारी गोठलेल्या तळ्यांचा बर्फ कापून विकीत असे. १८३३ च्या मे महिन्यात त्याने ‘टस्कनी’ नावाच्या जहाजातून सुमारे १८० टन बर्फ कलकत्त्यास रवाना केला. विषुववृत्त दोनदा ओलांडून चार महिन्यांनी जहाज पोहोचले, तेव्हा त्यातील सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. हे लाकडाच्या भुशाने साधले. दाट भरलेल्या भुशातून उष्णता आत शिरत नाही. आजच्या शीतकपाटाच्या भिंतीत जो फेस भरलेला असतो तो त्या भुशाचाच वंशज होय.

मुंबईस असा बर्फ १८३४ मध्ये आला. सर जमशेटजी जिजीभाईंनी त्या सुमारास मेजवानीत आइस्क्रीम वाढले आणि यजमान-पाहुण्यांना सर्दी झाली, म्हणून एका वृत्तपत्राने त्यांची थट्टा केली, अशी आख्यायिका मुंबईच्या जुन्या वर्णनांत आढळते. पुढे वर्गण्या निघाल्या, आणि १८४३ च्या सुमारास गोदीनजीक घुमटाकार बर्फघर उभे राहिले. मद्रासचे बर्फघर अद्याप उभे आहे. १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद तेथे उतरले होते, आणि आज ती वास्तू त्यांच्याच नावाने ओळखली जाते. अमेरिकन लेखक थोरो याने ‘वॉल्डन’ या १८५४ च्या ग्रंथात आपल्या तळ्यावरील बर्फतोडीचे वर्णन केले आहे. तो बर्फ हिंदुस्थानातील शहरांपर्यंत जातो याचे त्याला मोठे कौतुक वाटले.

१८७८ मध्ये कलकत्त्यास यंत्राने बर्फ करणारी कंपनी निघाली आणि या समुद्री व्यापारास उतरती कळा लागली. परंतु हे सर्व बंदरांचे वैभव. बोटीतला बर्फ गोदाकाठच्या परभणीपर्यंत पोहोचण्याजोगा नव्हता. मग परभणीकर उन्हाळा कसे काढीत होते?

घडवंचीवरचे यंत्र

आमच्या जुन्या माळवदाच्या घरांत स्वयंपाकघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात रांजण असे. तो अर्धा वाळूत पुरलेला, अंगाला ओले फडके गुंडाळलेला, तोंडावर लाकडी झाकण आणि आत कधी वाळ्याची जुडी. शेजारच्या घडवंचीवर माठ व डेरे. दूधदुभते शिंक्यावर, भाकरी टोपलीत, आणि कोथिंबिरीची जुडी ओल्या फडक्यात. हा सगळा संसार म्हणजे एक शीतकपाटच होते.

त्याचे शास्त्र साधे आहे. भाजलेल्या मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरते, बाहेर त्याची वाफ होते आणि ती जाताना उष्णता घेऊन जाते. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता शोषली जाते, तर एक किलो पाण्याचे बाष्प होताना सुमारे ५८०. म्हणजे रांजणातून दिवसभरात लिटरभर पाणी पाझरून उडाले, तर त्याने सात किलो बर्फाचे काम केले! मे महिन्यात परभणीचा पारा ४२ अंशांच्या वर असतो, पण हवा कोरडी असल्याने रांजणातील पाणी २५ अंशांच्या आसपास राहू शकते. मुंबईच्या दमट हवेत तोच रांजण निरुपयोगी ठरतो. रांजण हे कोरड्या मुलुखाचे यंत्र आहे, आणि मराठवाडा हा त्याचा हक्काचा प्रांत.

पण या यंत्रालाही निगा लागे. पाण्यातील क्षारांनी छिद्रे बुजली की माठ मंद होतो, पाणी गार पडेनासे होते. म्हणून काथ्याने तो घासावा लागे, उन्हात कोरडा करावा लागे, आणि दोन-चार उन्हाळ्यांनी बदलावा लागे. अक्षय्य तृतीयेस उदककुंभाचे दान देण्याची जी चाल आहे, तीत धर्म आहेच, पण नवा माठ ऐन गरजेच्या दिवसांत घरोघरी पोहोचविण्याची सोयही आहे. कुंभाराच्या भट्टीचा आणि पंचांगाचा असा मेळ आमच्या पूर्वजांनी घातला होता. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचे पन्हे याच माठातल्या पाण्याचे होई.

रांजणाचे गोडवे गाताना मात्र दोन गोष्टी दडवून ठेवणे आम्हांस अप्रामाणिकपणाचे वाटते. पहिली ही की, तो रांजण भरत होत्या त्या स्त्रिया. आडाचे पाणी शेंदून, डोईवर दोन हंडे घेऊन केलेल्या खेपा हे त्या थंडाव्याचे मोल होते, आणि ते कोणत्याही जमाखर्चात लिहिलेले नाही. दुसरी ही की, रांजणाचे पाणी सर्वांना नव्हते. पाणपोईवरही काहींच्या ओंजळीत पाणी वरूनच पडे. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना जावे लागले ते याच अन्यायासाठी. पुढे राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले ठरविले. जुना थंडावा गोड होता, पण तो सर्वांच्या घशाखाली उतरत नव्हता, हे विसरून इतिहास सांगता येणार नाही.

जगात जर्मनी

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही आमच्याकडची म्हण आपण अभिमानाने आणि थोड्या थट्टेने वापरतो. थंडाव्याच्या इतिहासात ही जोडी खरोखरच भेटते. १८७० नंतरच्या दशकात म्यूनिकच्या कार्ल फॉन लिंडे याने अमोनिया वायूवर चालणारी शीतयंत्रे भरवशाची केली. जर्मन दारूभट्ट्यांना उन्हाळ्यातही थंडी हवी होती, त्यांच्या गरजेतून हे काम पुढे गेले. तत्पूर्वी जेकब पर्किन्स याने लंडनमध्ये अशा यंत्राचे पेटंट घेतले होते ते १८३४ साली, म्हणजे मुंबईस बोटीने बर्फ आला त्याच वर्षी. एकीकडे तळ्याचा बर्फ समुद्रावर तरंगत होता आणि दुसरीकडे त्याला निकालात काढणारे यंत्र कागदावर उतरत होते.

या यंत्राचे तत्त्व ऐकून आपणांस आश्चर्य वाटेल, कारण ते रांजणाचेच आहे. शीतकपाटाच्या आतील नळीत एका द्रवाची वाफ होते आणि ती आतील उष्णता उचलते. रांजणाची वाफ हवेत जाते ती परत येत नाही. यंत्र मात्र ती वाफ पकडते, दाबते, मागील जाळीतून तिची उष्णता खोलीत टाकून पुन्हा तिचा द्रव करते आणि तोच द्रव पुन्हा कामास लावते. रांजणाला रोज पाणी घालावे लागते, शीतकपाटाला रोज वीज. दोघांचे कूळ एकच.

घरगुती शीतकपाटे अमेरिकेत विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत आली. आरंभी त्यांत सल्फर डायऑक्साइडसारखे विषारी वायू असत. वायू फुटून माणसे दगावल्याच्या बातम्या येत. अशाच एका बातमीने व्यथित होऊन आइन्स्टाइन आणि झिलार्ड या दोघा शास्त्रज्ञांनी हलते भाग नसलेल्या शीतकपाटाची कल्पना काढली आणि १९३० मध्ये अमेरिकेत तिचे पेटंट मिळविले. बाजार मात्र जिंकला तो त्याच सुमारास थॉमस मिजलेने शोधलेल्या फ्रीऑनने. हा वायू विषारी नव्हता, पेटत नव्हता. तो निर्दोष आहे असे सर्वांस वाटले. त्याचा दोष कळावयास पुढे चाळीस वर्षे लागली, त्याकडे आम्ही शेवटी येऊ.

हैदराबादच्या वाटेने

परभणीच्या दृष्टीने शीतकपाटाचे गाव मुंबईइतकेच हैदराबादही आहे, हे आज थोड्यांच्याच ध्यानात असेल. आपला जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. सिकंदराबाद-मनमाड मीटरगेज लोहमार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर झाला, तेव्हापासून येथील पेठेचे एक तोंड हैदराबादेकडे होते. त्या शहरात १९४२ मध्ये निजाम सरकारचा औद्योगिक ट्रस्ट फंड आणि अल्लादिन मंडळींची पेढी यांच्या भांडवलातून हैदराबाद ऑल्विन मेटल वर्क्स हा कारखाना निघाला. बसगाड्यांचे सांगाडे, पोलादी फर्निचर यांबरोबर त्याने पुढे शीतकपाटेही केली, आणि ‘ऑल्विन’ हे नाव दक्षिणेत घरोघरी झाले. १९९० नंतरच्या दशकात त्याचा शीतकपाटांचा विभाग व्होल्टासकडे गेला. इकडे मुंबईस गोदरेजने १९५८ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या सहकार्याने शीतकपाटे बनविण्यास आरंभ केला. १९६० नंतर केल्व्हिनेटर हे नावही आपल्याकडे रुळले.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. परंतु शीतकपाट राज्यघोषणेने चालत नाही, ते विजेवर चालते. त्याच साली राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण १९६८ मध्ये पुरे झाले. त्याच्या पायथ्याचे वीजघर साडेबावीस मेगावॅटचे आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यात परळीचे औष्णिक केंद्र १९७१ मध्ये सुरू झाले. या क्रमाने तारा आल्या, आणि तारांच्या मागोमाग कपाटे.

गंमत अशी की, आजच्या महाराष्ट्रात शीतकपाटांचे मोठे कारखाने पुण्याजवळच्या रांजणगावी आहेत. गावाच्या नावाची व्युत्पत्ती काहीही असो, रांजणाचे काम करणारी यंत्रे रांजणगावातून यावीत, हा योगायोग आम्हांस फार आवडतो.

आमचे उलथने

आता आमच्या घरची एक गोष्ट, आणि ती आमच्याच मूर्खपणाची. घरी पहिले शीतकपाट आले तेव्हा ते स्वयंपाकघरात नव्हे, बैठकीत ठेवले होते. त्याच्या माथ्यावर क्रोशाचा रुमाल, त्यावर फुलदाणी. आल्यागेल्यास ते दिसावे, ही इच्छा. ते भिंतीस चिकटवून ठेवले होते, कारण खोली लहान. मागची जाळी कधी पाहिलीच नाही. वरच्या खणात बर्फाचा थर चार बोटे चढला आणि दार लागेना, तेव्हा आम्ही उलथने घेऊन तो फोडू लागलो. ‘फस्स’ असा आवाज झाला. नळीस भोक पडून वायू निघून गेला होता. दुरुस्तीस जो खर्च आला, त्यात घरात पाच-सहा वर्षे पुरतील इतके माठ आले असते.

तरीही आम्ही शहाणे झालो नाही. काही वर्षांनी घरातील एका वडीलधाऱ्या बाईंना मधुमेहासाठी इन्सुलिन टोचावे लागू लागले. १९२१ मध्ये टोरंटोस सापडलेले हे औषध नाजूक आहे. साठ्यातील कुप्या २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात. त्या गोठल्या तरी वाया आणि तापल्या तरी वाया. वैशाखात त्यांची साखर चढू लागली. मात्रा वाढविली, पथ्य कडक केले, त्यांना जेवणावरून बोलणी बसली. शेवटी डॉक्टरांनी विचारले, “औषध ठेवता कोठे?” आम्ही म्हणालो, “फ्रीजमध्ये.” ते म्हणाले, “फ्रीजमध्ये किती अंश आहेत?” आमच्यापाशी उत्तर नव्हते. तापमापक ठेवून पाहिला तर आत १९ अंश! दाराचा रबर चिरला होता, मागे धुळीची गोधडी साचली होती, आणि दिवसातून अनेकदा वीज जात होती. दिवा लागत होता, घरघर ऐकू येत होती, म्हणून आम्ही यंत्र ठीक समजत होतो. आणि त्या बाई आठवडेच्या आठवडे न केलेल्या कुपथ्याचे बोल ऐकत होत्या. आम्ही त्यांची क्षमा मागितली. त्या हसून म्हणाल्या, “माझ्या रांजणाला हात लावला की कळायचं गार आहे का नाही ते.” हे वाक्य आम्ही विसरलेलो नाही.

निगा म्हणजे काय?

त्या दिवसापासून जे शिकलो ते आपणांपुढे मांडतो.

पहिली गोष्ट जागेची. शीतकपाट थंडी निर्माण करीत नाही, ते आतली उष्णता बाहेर टाकते. ही उष्णता टाकण्यास जागा हवी. मागे व बाजूंस मोकळी जागा ठेवावी, चूल आणि ऊन यांपासून ते दूर असावे. येथे परभणीकरांनी विशेष सावध असले पाहिजे. शीतकपाटांचे हवामानाप्रमाणे वर्ग केलेले असतात. त्यांतील उष्ण प्रदेशाचा म्हणून जो वर्ग आहे, तो ४३ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी आखलेला असतो. आमच्या पत्र्याच्या खोल्या ही सीमा सहज ओलांडतात. लंडनमध्ये धूळ साचली तर यंत्र थोडे कुरकुरेल, आमच्याकडे तीच धूळ त्याचा जीव घेते. म्हणून मागची जाळी उघडी असेल तर वीज बंद करून दर दोन-तीन महिन्यांनी मऊ ब्रशाने झाडावी.

दुसरी गोष्ट दाराची. कागदाचा एक तुकडा दारात धरून दार लावावे आणि कागद ओढावा. तो सहज निघाला तर रबर सैल आहे असे समजावे. रबर कोमट साबणाच्या पाण्याने पुसावा, चिरला असेल तर बदलून घ्यावा. कपाट किंचित मागे कललेले असले की दार आपल्या भाराने लागते.

तिसरी गोष्ट बर्फाची. खणाच्या भिंतीवर साचलेला बर्फ थंडी वाढवीत नाही, तो रजईसारखा आड येतो. थर बोटाच्या पेराच्या निम्म्यास आला की वीज बंद करून, दार उघडून तो वितळू द्यावा. हवे तर आत कोमट पाण्याचे पातेले ठेवावे. उलथने, सुरी, पेचकस यांचे काम नाही, हे आमच्या खर्चाने आपण शिकावे. ज्यांत बर्फ साचत नाही अशा नव्या यंत्रांत हे काम आतली तापपट्टी करते.

चौथी गोष्ट विजेची. २००५ नंतरची काही वर्षे भारनियमनाने मराठवाड्याने कशी काढली ते आपणांस सांगावयास नको. वीज गेली की दार उघडू नये. न उघडलेले कपाट साधारण चार तास आपली थंडी राखते. वीज परत येताच धक्का बसू नये म्हणून दोन-चार मिनिटे थांबून यंत्र सुरू व्हावे, आणि दाब खालीवर होत असेल तेथे स्टॅबिलायझर असावा.

पाचवी गोष्ट अन्नाची. थंडी जंतूंना मारीत नाही, निजविते. बाहेर काढताच ते जागे होतात. शिजलेले अन्न कढत ठेवू नये, पण दोन तासांहून अधिक बाहेरही राहू देऊ नये. ते झाकून ठेवावे. कच्चे मांस-मासे खाली, शिजलेले वर. आत ४ अंश आणि बर्फाच्या खणात उणे १८ अंश असावेत, आणि हे डोळ्यांनी पाहण्यास लहानसा तापमापक ठेवावा. महिन्यातून एकदा सर्व रिकामे करून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसावे. शीतकपाट हे अन्न जपण्याचे साधन आहे. शिळे अन्न फेकून देण्याचा निर्णय लांबणीवर टाकण्याचे ते साधन होऊ नये.

सहावी गोष्ट सर्वांत दुर्लक्षित. यंत्राच्या मागे खाली एक लहान तबक असते, त्यात आतले पाणी जमते. डेंग्यूचा डास नेमक्या अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. तबक आठवड्यातून एकदा रिकामे करून, घासून, कोरडे करावे. रांजणासही हाच नियम. आठवड्याचा जो ‘कोरडा दिवस’ आरोग्य खाते सांगते, तो जुन्या व नव्या दोन्ही थंडाव्यांना सारखाच लागू आहे.

घराबाहेरची निगा

ही निगा घराच्या चार भिंतींत संपत नाही. फ्रीऑनचा दोष पुढे सांगतो असे आम्ही म्हटले होते. १९७४ मध्ये मोलिना व रोलंड या शास्त्रज्ञांनी दाखविले की, असे वायू वर जाऊन पृथ्वीचे ओझोनचे छत्र झिजवितात. १९८५ मध्ये दक्षिण ध्रुवावर त्या छत्रास मोठे खिंडार पडल्याचे प्रसिद्ध झाले. १९८७ मध्ये माँट्रियलचा करार झाला, १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला, आणि पुढे नव्या शीतकपाटांतून ते वायू हद्दपार झाले. आज घरगुती यंत्रांत बहुधा आयसोब्यूटेन हा वायू असतो. तो ओझोनला अपाय करीत नाही, पण पेटतो. म्हणून दुरुस्ती जाणत्या कारागिराकडूनच करावी, आणि जुने यंत्र भंगारात देताना नळी तोडून वायू हवेत सोडू देऊ नये. एका घरातले भोक आकाशाला पडते, असे पूर्वी कोणी म्हटले असते तर आपण त्याला कवी म्हटले असते.

दुसरे उदाहरण अधिक आनंदाचे. १९८५ मध्ये देशात सार्वत्रिक लसीकरणाचा कार्यक्रम सुरू झाला. लस २ ते ८ अंशांत राखावयाची असते. कारखान्यापासून गावातल्या बाळापर्यंत ही थंडी एकदाही तुटता कामा नये. प्राथमिक आरोग्य केंद्रांत यासाठी बर्फाचे अस्तर असलेली शीतकपाटे असतात, आणि दिवसातून दोनदा आतील तापमान पाहून वहीत लिहावे, असा नियम आहे. १३ जानेवारी २०११ नंतर भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा रुग्ण आढळला नाही, आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला प्रदेश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. या विजयाचे श्रेय लस शोधणाऱ्यांना जितके, तितकेच खांद्यावर शीतपेटी घेऊन तांड्यावस्त्यांवर गेलेल्या परिचारिकांना आणि रोज दोनदा वहीत आकडा लिहिणाऱ्या कर्मचाऱ्यांना आहे. यंत्र त्यांच्याकडेही तेच होते. अंतर होते ते त्या दोन नोंदींचे. ज्या वर्षी आमच्या घरी १९ अंशांत इन्सुलिन सडत होते, त्याच वर्षी गावच्या केंद्रात कोणीतरी निष्ठेने ‘५ अंश’ असे लिहीत होते, ही गोष्ट आठवून आम्हांस आजही लाज वाटते.

श्रोतेहो, बादशहाचा बर्फ हमालांनी राखला, बोटीचा बर्फ भुशाने राखला, रांजणाचा गारवा आमच्या आया-आज्यांनी राखला. आता तो विजेच्या तारेने आपल्या घरी येतो, म्हणून राखणारा कोणी नको असे आपण धरून चाललो. आमची विनंती एवढीच की, घरी गेल्यावर शीतकपाटाच्या दारात कागदाचा एक तुकडा धरून पाहावा, आणि मागच्या तबकाकडे एक नजर टाकावी. हे काम घरातील स्त्रियांवर सोपवून मोकळे होऊ नये. रांजण भरण्याचे ओझे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वाहिले, निदान जाळीवरची धूळ झाडण्याचे काम पुरुषांनी पत्करावे.

आणि घरात एक माठही असू द्यावा. वीज जाईल तेव्हा तो उपयोगी पडेलच. शिवाय त्याला हात लावला की कळते, गार आहे की नाही. आमच्या घरी आता शीतकपाटाच्या आत तापमापक आहे आणि बाहेर माठ. दोघांचीही चौकशी आम्ही रोज सकाळी करतो.